सोळाचा पडतो म्हणून बत्तीसचा?

पावसाळा लागला, घरोघरी गिझर सुरू झाले की कोल्हापुरातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. "सोळाचा एमसीबी सारखा पडतोय हो." "मग बत्तीसचा घेऊन जावा की, पडायचं नाव घेणार नाही!" एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप 'पडून' वीज तोडणारा स्विच, आणि सोळा, बत्तीस हे त्याचं अँपिअरमधलं रेटिंग. बत्तीसचा खरोखरच पडत नाही, आणि भीती त्याचीच आहे. घराला आग लागल्याच्या बातमीत 'शॉर्ट सर्किट' एवढाच शब्द छापून येतो. तो शॉर्ट झाला कशाने, हे क्वचितच कुणी लिहितं. तारेचं प्लॅस्टिक भिंतीत महिनोन्महिने शिजत राहिलं, तर शॉर्ट सर्किट ही त्या प्रकाराची अखेर असते.

एमसीबी गिझरला किंवा फ्रिजला वाचवतो, असा बहुतेकांचा समज आहे. त्याचं मुख्य काम भिंतीतल्या तारेला वाचवण्याचं आहे.

शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घराचा विचार करा. चार बल्ब आणि दोन पंख्यांच्या हिशेबानं ओढलेली दीडची वायर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीचं तांबं. आता त्याच लाइनवर 3000 वॉटचा इन्स्टंट गिझर, 2000 वॉटची इंडक्शन शेगडी आणि 1000 वॉटची इस्त्री आहे. सकाळी तिन्ही एकदम चालू. 6000 भागिले 230, म्हणजे 26 अँपिअर.

शाळेतलं सूत्र आठवा: उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. या तारेच्या एका मीटरचा रोध साधारण 0.012 ओहम. 15 अँपिअरला मीटरमागे 2.7 वॉट उष्णता होते आणि 26 अँपिअरला 8.1 वॉट, म्हणजे तिप्पट. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपात शेजारी शेजारी तापतात आणि वर गिलावा असतो. बाहेर 40 अंश असताना भिंतीतली ही तार 15 अँपिअरला जेमतेम 70 अंशांवर स्थिरावते, आणि साध्या पीव्हीसी आवरणाची कायमची मर्यादाच 70 अंश आहे. तिप्पट उष्णतेला हवेच्या वरची 30 अंशांची वाढ 90 च्या घरात जाते, म्हणजे तांबं 130 अंशांवर. शिवाय तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच. आवरण मऊ पडतं, पुढे कडक होऊन तडकतं.

हे सगळं एमसीबीला भिंतीबाहेर बसून कसं कळतं? त्याच्या पोटात द्विधातूची एक पट्टी असते. एकमेकांना घट्ट चिकटवलेल्या दोन धातूंपैकी एक तापल्यावर बराच प्रसरण पावतो, दुसरा फारच कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि खटका सोडवते. कमी प्रसरणाच्या बाजूला बहुधा लोह-निकेलचा मिश्रधातू असतो. 36 टक्के निकेलचा असा 'इनव्हार' शार्ल गियोम यांनी 1896 मध्ये शोधला आणि अशा मिश्रधातूंवरच्या कामासाठी त्यांना 1920 चं नोबेल मिळालं. मला या पट्टीचं अप्रूप वाटतं ते वेगळ्याच कारणानं. तिला तापवतो तो तारेतूनच जाणारा करंट, त्याच वर्गाच्या नियमानं. भिंतीत तार तापते तशी डबीत पट्टी तापते. म्हणून थोडा जादा भार ती बराच वेळ सोसते, मोठा भार थोडाच वेळ. मानकानुसार रेटिंगच्या 1.13 पट करंटला तासभर पडायचं नाही, 1.45 पटीला तासाच्या आत पडायचंच. आपल्या 26 अँपिअरला सोळाचा काही मिनिटांत पडतो. बत्तीसच्या पट्टीला मात्र 26 अँपिअर हा रोजचाच भार, ती जागची हलत नाही.

खरं तर दीडच्या तारेला सोळाचाही जास्तच. दीडला दहाचा, अडीचला सोळाचा, चारला वीसचा, असं घरासाठी धरावं. उपकरणाच्या करंटपेक्षा एमसीबी मोठा हवा, आणि एमसीबीपेक्षा तारेची ताकद मोठी. गिझरला आणि शेगडीला अडीचची एकेक स्वतंत्र लाइन ओढली की वरचा सगळा प्रश्न मिटतो.

बोर्ड आग्नेयेला असला की आगीचं भय नाही, असं वास्तुशास्त्राच्या नावानं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. करंटच्या वर्गाला दिशा नसते. त्या सल्ल्यापायी बोर्ड हलवण्यावर होणारा खर्च जाड तारेवर करा.

पट्टी सावकाश काम करते. खऱ्या शॉर्ट सर्किटसाठी शेजारी एक कॉइल असते, ती क्षणार्धात खटका ओढते. एमसीबीवर 'सी 16' लिहिलेलं असतं. त्यातला सी म्हणजे कॉइल रेटिंगच्या पाच ते दहा पट करंटला उडणार, आणि बी असेल तर तीन ते पाच पटीला. एक हॉर्सपॉवरची घरघंटी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून तिला सी बरा.

माणसाला बसणारा शॉक मात्र एमसीबीला कळत नाही. 0.03 अँपिअरच्या पुढचा करंट शरीरातून गेला तर जीवावर बेतू शकतं, आणि सोळाचा तर सोळा अँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच, वेगळा लागतो. न्हाणीघरात गिझर असेल, तर हा आरसीसीबी आधी बसवून घ्या.