एका फोनमागची तीन मंत्रालयं

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात टीटीसी या एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या कारखान्यांशेजारी गेल्या काही वर्षांत डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. आत साठवलेल्या माहितीचे नियम इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय करतं. ती माहिती ज्या फायबरमधून आपल्या फोनपर्यंत पोचते, त्याचा परवाना दळणवळण मंत्रालयाच्या दूरसंचार विभागाचा. आणि त्याच फायबरमधून वेब मालिका किंवा बातमी आली, तर ती माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत. आपल्याला हे सगळं एकच वाटतं, दिल्लीत मात्र त्याची तीन खाती आहेत. ही विभागणी कुणी एका बैठकीत विचार करून केलेली नाही. प्रत्येक नवं साधन आलं की सरकारने आधी त्याच्यावर ताबा मिळवला, आणि ताबा ज्याच्याकडे गेला त्याचं खातं झालं.

ठाण्याला रेल्वे आली १८५३ मध्ये. पुढच्याच वर्षी देशात तारसेवा जनतेसाठी खुली झाली. तीनच वर्षांत उठाव झाला आणि तार हाताशी असण्याचं मोल इंग्रजांना पुरतं कळलं. १८८५ च्या तार कायद्यात ते स्पष्ट दिसतं. तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा. शिवाय सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षेच्या कारणासाठी कुणाचाही संदेश अडवण्याचा आणि वाचण्याचाही. स्वातंत्र्यानंतर हा कायदा आपण तसाच चालवला. टेलिफोन, मोबाइल, इंटरनेट या सगळ्यांचे परवाने त्याच्याच आधारावर निघाले.

टपाल आणि तार हे खातं १९८५ पर्यंत एकत्र होतं. त्या वर्षी दूरसंचार विभाग वेगळा झाला आणि १९८६ मध्ये दिल्ली-मुंबईसाठी एमटीएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी आली. ठाणे आणि नवी मुंबई तिच्या हद्दीत गेली, कल्याण-डोंबिवली बाहेर राहिली. म्हणून ठाण्याच्या लँडलाइनला मुंबईचा ०२२ आणि डोंबिवलीला ०२५१. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, हे त्या काळात सगळ्यांनीच गृहीत धरलेलं होतं.

आवाजाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यात मराठी माणसांचा हात मोठा आहे. १९२७ मध्ये मुंबईत एका खासगी कंपनीने रेडिओ केंद्र सुरू केलं. ती १९३० मध्ये बुडाली आणि सरकारने प्रसारण हाती घेतलं. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं, १९४१ मध्ये माहिती व प्रसारण हे स्वतंत्र खातं झालं. स्वतंत्र भारतात ते गृहखात्याबरोबरच सरदार पटेलांकडे होतं. बातमी आणि बंदोबस्त एकाच मंत्र्याकडे असावेत, यात तेव्हा कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. १९५२ पासून दहा वर्षं मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम, पण त्या प्रेमापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. लोकांनी सरळ श्रीलंकेतून ऐकू येणारं रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. शास्त्रीय गायक-वादकांना त्या धोरणातून मोठं व्यासपीठ मिळालं हे खरं, तरीही देशाने काय ऐकावं हे एका मंत्र्याच्या आवडीवर ठरणं मला आजही खटकतं. पुढे याच खात्याचे मंत्री वसंत साठे यांनी रंगीत दूरचित्रवाणीचा आग्रह धरला आणि १९८२ मध्ये ती आली.

मग केबल आली, आणि सरकारला पहिल्यांदाच मागून धावावं लागलं. १९९१-९२ च्या सुमारास ठाणे-डोंबिवलीतल्या चाळींवरून, सोसायट्यांच्या गच्च्यांवरून काळ्या वायरी ओढल्या गेल्या, त्या कुठल्याही कायद्याशिवाय. केबलचा कायदा झाला १९९५ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रसारण ज्यांवरून होतं त्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल दिला. केबलवाल्याने नोंदणी कुठे करायची? आपल्या भागातल्या मुख्य पोस्ट ऑफिसात, हेड पोस्टमास्तरांकडे. नियम माहिती व प्रसारण मंत्रालयाचा आणि शिक्का टपाल खात्याचा, अशी व्यवस्था बरीच वर्षं चालली.

तिसरं खातं संगणकाचं. १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग झाला आणि १९९९ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंत्रालय. त्याचे मंत्री प्रमोद महाजन. त्यांच्याच काळात २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा आला. पुढे दूरसंचारही याच मंत्रालयाला जोडलं गेलं. २००१ मध्ये तार, प्रसारण आणि इंटरनेट यांच्यावर एकच आयोग नेमण्याचं विधेयक संसदेत मांडलं गेलं, पण ते मंजूर न होताच बारगळलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी हुकलेली संधी. २०१६ मध्ये तर दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान ही मंत्रालयं पुन्हा वेगळी केली गेली.

या कायद्यांची धार सामान्य माणसाला कशी लागते, ते आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने तो लाइक केला, आणि दोघींना अटक झाली. त्यात लावलेलं कलम ६६अ माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घुसवलेलं होतं. 'त्रासदायक' संदेशाला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्रास म्हणजे काय ते ठरवणार पोलीस. कायद्याची विद्यार्थिनी असलेल्या एका तरुणीने त्याविरुद्ध याचिका केली आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं.

नोव्हेंबर २०२० मध्ये ऑनलाइन बातम्या आणि ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा, माहिती व प्रसारणकडे गेल्या. तीन महिन्यांनी आलेले ऑनलाइन माध्यमांचे नियम रविशंकर प्रसाद आणि प्रकाश जावडेकर या दोन खात्यांच्या मंत्र्यांनी एकत्र बसून जाहीर केले. एकाच नियमावलीत समाजमाध्यमांचा भाग एका मंत्रालयाचा आणि बातम्यांचा दुसऱ्याचा. डिजिटल बातमीदारांवर आचारसंहिता बंधनकारक करणाऱ्या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली.

तारेची शेवटची रात्र १४ जुलै २०१३. तार कायदा मात्र त्यानंतरही दहा वर्षांहून जास्त टिकला. २०१७ मध्ये इंटरनेट बंद करण्याचे नियम त्याच्याच कलम ७ खाली झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापूर रस्त्यावर उतरलं, तेव्हा तिथलं इंटरनेट बंद केलं गेलं. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा तोवर अंशतः लागू झाला होता. त्याच्या कलम २० मध्ये संदेश अडवण्याचा आणि सेवा बंद ठेवण्याचा अधिकार सरकारकडे तसाच ठेवलेला आहे.