जुन्या गोव्यातली हिरवळ आणि १९५२ चं चॅपल

सेंट कॅथरिन चॅपलची माहिती कुठेही वाचा, साल १५१० चं. २५ नोव्हेंबरला, संत कॅथरिनच्या सणादिवशी, पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून शहर घेतलं, त्याची आठवण म्हणून हे बांधलं. १५३४ मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला, १५५० मध्ये ते वाढवलं गेलं. जिंकणारा सेनापती याच जागच्या दारातून आत आला असं सांगणारा शिलालेखही १५५० चाच, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षांनी बसवलेला. पुढे जवळच से कॅथेड्रलचं काम १५६२ ते १६१९ असं चाललं आणि चॅपल मागे पडलं.

आज आपण जे बघतो ते मात्र १९५२ मध्ये पुन्हा बांधलेलं आहे. हे साल सहसा अर्ध्या ओळीत उरकलं जातं, खरी मेख तिथेच आहे. भारत स्वतंत्र झाला होता, गोव्यावरचा हक्क मागत होता. त्यावर पोर्तुगाल सरकारने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ करून टाकलं. १९५२ च्या डिसेंबरमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं होत होती, शवप्रदर्शनाला जगभरातून लोक येणार होते. जुन्या गोव्यात पडझडीला आलेल्या वास्तूंना तोटा नव्हता. अशा वेळी नेमकं विजयाचं स्मारक उभं केलं गेलं, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

त्याच दशकात, झेवियरचं शव जिथे असतं त्या बॉम जेझू बॅसिलिकेचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला. चिरा, म्हणजे लाल जांभा दगड, उघडा दिसला की वास्तू अधिक प्राचीन वाटते, हा त्यामागचा हिशेब. पण चिरा सच्छिद्र, पाणी पितो. गोव्यातला पावसाळा चार महिन्यांचा. बॅसिलिकेला पुन्हा गिलावा करा, ही मागणी २०२० मध्ये चर्चकडूनच जाहीरपणे झाली. विरोध करणाऱ्यांना लाल दगडाचं रूपच अस्सल वाटतं. पोस्टकार्डांवर, कॅलेंडरांवर तेच पाहिलंय ना!

हिरवळीचंही तसंच. से कॅथेड्रलभोवतीची लॉन पाहून इथे पहिल्यापासून बाग असावी असं वाटतं. इथे शहर होतं, दाटीवाटीचं. कॅथेड्रलसमोरच्या चौकात आधी आदिलशाही वाडा होता, मग त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले आणि १५६० पासून इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, न्यायासन बसलं. ते १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, नंतर इमारत पाडली गेली. रोगराईने माणसं आधीच पांगली होती. १८३५ मध्ये मठ बंद झाले, १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. मोकळी जागा उरली ती अशी.

१९८६ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसला. त्यानंतरचे वाद बहुतेक या मोकळ्या जागेचेच. संरक्षित क्षेत्रात उभ्या राहिलेल्या एका बंगल्याविरुद्ध २०२१ च्या अखेरीस लोक उपोषणाला बसले, ते योग्यच होतं. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ च्या शवप्रदर्शनात रांगा बॉम जेझू आणि से कॅथेड्रलकडे होत्या. चॅपलकडे वळणारे थोडेच. गिलाव्याच्या वादातही त्याचा विषय सहसा निघत नाही. पण बॅसिलिकेवरचं १९५० च्या दशकातलं काम चूक ठरवून पुसायचं असेल, तर त्याच दशकातल्या या चॅपलच्या फलकावर निदान १९५२ हे साल १५१० इतक्याच मोठ्या अक्षरात यायला हवं.