‘वाटणं’ आणि ‘जाणवणं’: देहाकडे लक्ष देणाऱ्या समुपदेशनाची पार्श्वभूमी

दडपलेली भावना स्नायूंत ताठरपणा होऊन बसते, ही मांडणी मनोविश्लेषणाच्या वर्तुळात १९३०च्या दशकातच झाली. मांडणाऱ्याला १९३४ मध्ये संघटनेबाहेर पडावं लागलं. पुढे त्याच वाटेने अंग दाबणं, ओरडायला लावणं असले जोरकस प्रकार आले. त्यांचा गाजावाजा झाला, तसा संशयही वाढला.

आजची सौम्य पद्धत मात्र समुपदेशन सत्रांच्या ध्वनिमुद्रणांची जास्त ऋणी आहे. १९५०-६०च्या दशकांत ही ध्वनिमुद्रणं ऐकताना दिसलं, की गुण येणारी माणसं बोलता बोलता थांबतात, चाचपडतात, “राग नाही म्हणता येणार... काहीतरी अडकल्यासारखं” असं म्हणतात. त्यावरून बेतलेली सहा पायऱ्यांची रीत १९७८ मध्ये सर्वसामान्यांसाठी पुस्तकरूपाने आली. त्या अस्फुट जाणिवेला ‘फेल्ट सेन्स’ म्हणतात.

मराठीत घोळ इथेच होतो. आपलं ‘वाटणं’ तीन कामं करतं: मत (“मला वाटतं तो चुकला”), भावना (“वाईट वाटलं”) आणि संवेदना (“गार वाटतंय”). समुपदेशकाने “काय वाटतंय?” विचारलं की बहुतेकदा मत हाती येतं, आणि अर्धा तास तिसऱ्याच माणसाच्या चुकांवर जातो. “आत्ता कुठे जाणवतंय?” हा प्रश्न बरा. उत्तर छातीत आलं तर केवढ्या जागेत, गरम की थंड, हलतंय की थिजलंय, एवढंच विचारावं. “म्हणजे तुम्ही दुःख दाबताय” असा अर्थ लावला की चाचपडणं तिथेच थांबतं. उलटी फसगतही होते. ‘पोटात गोळा आला’, ‘हातपाय गळाले’ हे आपण सवयीने बोलतो. तेव्हा पोटात खरंच काही जाणवत असेलच असं नाही. “काहीच जाणवत नाही” हेही पूर्ण उत्तर आहे. त्यावर रेटू नये.

१९८० मध्ये आघातोत्तर तणावविकाराला (मोठ्या धक्क्यानंतर मागे उरणाऱ्या त्रासाला, पीटीएसडीला) मानसिक विकारांच्या निदानाच्या अधिकृत यादीत जागा मिळाली आणि शरीराचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. १९९०च्या दशकात थोडं थोडं घेण्याची शिस्त रुळली: त्रासदायक जागेकडे दहा-पंधरा सेकंद लक्ष, मग तळपाय किंवा पाठीला टेकलेली खुर्ची अशा तटस्थ जागी परत. डोळे उघडे ठेवलेले बरे. आघात सोसलेल्यांना मिटल्या डोळ्यांनी भीती दाटून येऊ शकते.

श्वासाचंही तसंच. मिनिटाला पाच-सहा श्वास हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण घाबरलेला माणूस तो गाठायला ओढूनताणून खोल श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुणावते. नुसता उच्छ्वास किंचित लांबवणं पुरतं.

करुणेवर उभी असलेली पद्धत २००० नंतर नावारूपाला आली, ती स्वतःला सतत कोसणाऱ्यांसाठी. गंमत अशी, की मऊ आवाज आणि आपुलकी याच माणसांना आधी धोक्याची वाटते. छातीवर हात ठेवायचा तर तो त्यांचा स्वतःचा, आणि नको वाटला तर मांडीवर.

व्हेगस या मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूविषयीच्या १९९४ च्या सिद्धांताने या साऱ्याला शास्त्राचं कोंदण दिलं. त्यातल्या उत्क्रांतीच्या दाव्यांवर शरीरक्रियातज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. प्रशिक्षणवर्गांत ते क्वचितच सांगितले जातात. पुराव्याची बाजूही अजून लंगडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनी आघातकेंद्री बोधात्मक-वर्तन उपचार (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारे) आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली पद्धत यांची शिफारस केली. देहसंवेदनांवर काम करणाऱ्या एका प्रमुख पद्धतीची यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना) २०१७ मध्ये छापून आली. निकाल आशादायक होता, पण माणसं होती ६३.