‘मला काही झालेलं नाही’

दारू प्यायलेला माणूस बहुतेक वेळा ओळखू येतो. तोंडाला वास येतो, जीभ जड होते, पाय लटपटतात. गांजा, अफूजन्य पदार्थ किंवा झोपेच्या गोळ्या घेतलेल्याचं तसं नसतं. तो स्टीअरिंगवर शांत बसलेला असतो आणि ‘मला काही झालेलं नाही’ हे अगदी मनापासून सांगतो. खोटं बोलत नसतो बिचारा. स्वतःचा अंदाज ज्या मेंदूने घ्यायचा, नेमका तोच मेंदू मंदावलेला असतो.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ॲलर्जीचा त्रास असणाऱ्या ४० जणांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवलं होतं. एकदा दारू, एकदा डायफेनहायड्रामिन हे सर्दी-ॲलर्जीवरचं जुनं औषध, एकदा फेक्सोफेनाडिन हे नवं औषध आणि एकदा नुसतीच खोटी गोळी. दारूचं प्रमाण रक्तात ०.१ टक्क्याच्या आसपास जाईल, असं ठेवलं होतं. २००० साली निष्कर्ष छापून आले. सगळ्यात वाईट गाडी चालवली गेली ती दारूवर नव्हे, डायफेनहायड्रामिनवर! आणि ‘झोप येतेय का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून कोण किती चुकेल, हे नीट सांगता येत नव्हतं. म्हणजे गाडीवरचा ताबा सुटायला नशेसाठीच काही घ्यावं लागतं, असं नाही. नाक गळतंय म्हणून घेतलेली गोळीही पुरते.

झोपेच्या गोळीचा हिशोब तर दुसऱ्या दिवशी सकाळी चुकता होतो. झोल्पिडेम रात्री घेतली तरी काहींच्या रक्तात सकाळी ती गाडी चालवणं बिघडण्याइतकी उरते. स्त्रियांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावला.

मंदावणं म्हणजे किती? ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला, की ११ मीटर जास्त. समोर माणूस असेल तर ११ मीटर फार असतात.

उत्तेजक पदार्थांचं उलटंच. ॲम्फेटामिन घेतलेला टक्क जागा असतो, पण अंगात भलतं धाडस येतं. असर ओसरला की झोप अशी कोसळते, की डोळे कधी मिटले ते त्यालाही कळत नाही.

गांजावाले बऱ्याचदा वेग कमी करतात, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतात. आपण बिघडलोय याची थोडी जाणीव त्यांना असते, असं दिसतं. पण लेन सांभाळणं आणि एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणं त्या सावधपणाने सुधारत नाही, आणि वर दारू पडली तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो.

पोलिसांपुढची अडचण वेगळीच. दारू फुंकर मारून मोजता येते, आणि आकड्याचा बिघाडाशी बऱ्यापैकी मेळ बसतो. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, चरबीत मुरतं. ओढल्यावर काही मिनिटांत रक्तातलं प्रमाण शिखराला जातं आणि भराभर उतरतं. बिघाड मात्र काही तास टिकतो. उलट रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते कित्येक दिवसांनीही सापडतं, तेव्हा तो पूर्ण शुद्धीत असू शकतो.