पासवर्ड चांगला होता, तरी साईट हॅक कशी झाली?

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या एका नातेवाईकाचं कुंद्याचं, म्हणजे तिथल्या खव्याच्या मिठाईचं, दुकान आहे, त्यांची वेबसाईट मध्यंतरी हॅक झाली, उघडली की जुगाराच्या जाहिराती. पासवर्ड लांबलचक, कुणाला सांगितलेला नाही, मग घरच्यांनी दृष्ट लागली म्हणून कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. हे बघून फार वाईट वाटलं. दृष्टीनं फाईल बदलत नाही, फाईल बदलायला परवानगी लागते आणि ती कुणाकडं होती हे शोधता येतं की.

स्वस्तातलं होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायला भाड्यानं घेतलेली जागा, म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं, जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी. आता खरी गोष्ट अशी, अशा सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, माणसं नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतो. त्याला यूआयडी म्हणतात, रूट म्हणजे सर्वाधिकारी त्याचा 0. प्रत्येक फाईलवर मालकाचा नंबर असतो आणि चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामवरही असतो, प्रोग्राम फाईल उघडायला गेला की कर्नल दोन्ही ताडून बघतो. फाईलची परवानगी 600 असेल तर फक्त मालक, 644 असेल तर बाकीचे वाचू शकतात, 777 म्हणजे कुणीही या, काहीही लिहा.

जुन्या पद्धतीत सगळ्यांचं पीएचपी, म्हणजे साईटची पानं तयार करणारा कोड, वेबसर्व्हरच्या एकाच नंबरखाली चालायचं, म्हणजे कर्नलच्या लेखी आमचे कुंदेवाले आणि शेजारचा अनोळखी साईटवाला एकच! शेजाऱ्याच्या साईटला जोडलेल्या जुनाट प्लगइनमधून घुसलेला माणूस मग आमची कॉन्फिग फाईल, म्हणजे साईटच्या सेटिंगची फाईल, आरामात वाचतो, आणि वर्डप्रेस या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसचा पासवर्ड तिथंच उघडा लिहिलेला असतो. तो मिळाला की आमचा लांबलचक पासवर्ड लागतोय कशाला!

यावरचा उपाय मला फार आवडतो. पीएचपी-एफपीएम या पीएचपी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मुख्य प्रोसेस रूट म्हणून सुरू होते, प्रत्येक खात्यासाठी पोरं, म्हणजे उप-प्रोसेस, काढते, आणि ते पोर गिऱ्हाइकाचा कोड चालवायच्या आधीच setuid (नंबर बदलायची आज्ञा) करून स्वतःचा 0 टाकून त्या गिऱ्हाइकाचा नंबर घेतं, एकदा 0 सोडला की परत मागता येत नाही. अपाचे या वेबसर्व्हरमध्ये सीजीआयसाठी, म्हणजे त्यातून चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामांसाठी, असलंच suEXEC 1997 पासून आहे. त्यावर केजएफएससारखा, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं कोंडणारा, पिंजरा घातला की शेजाऱ्याचं फोल्डर दिसतच नाही, आणि सीग्रुप्स ही वाटणीची सोय, 2008 पासून कर्नलमध्ये, एकानं सगळी रॅम खाऊ नये ते बघतात. "100 टक्के सुरक्षित" अशा जाहिरातींपेक्षा पीएचपी कुणाच्या युजरखाली चालतं ते विचारा.

आमच्या जुन्या होस्टिंगवर कॉन्फिग फाईल 600 केली तर साईटच बंद पडली, फाईलचे मालक आम्ही, वाचणारा नंबर भलताच. नव्या ठिकाणी तीच फाईल 600 वर आहे आणि कुंद्याच्या ऑर्डरी येतायत.