पार्श्वभूमी : पहिल्या रात्रीचा आकडा

सशस्त्र बंडाच्या बातमीची किंमत नाशिकने फार आधी पाहिली आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ब्रिटिश जिल्हाधिकाऱ्यांवर क्रांतिकारकांनी गोळ्या झाडल्या. फेब्रुवारी १९१०मध्ये नवा छापखाना कायदा आला आणि चालू वर्तमानपत्राकडून ५०० ते ५,००० रुपयांची अनामत मागायचा अधिकार सरकारला मिळाला. आक्षेपार्ह मजकूर छापला की रक्कम जप्त. १९२२मध्ये तो कायदा गेला.

आजची अडचण वेगळी आहे : नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीतल्या मृतांचा पहिल्या रात्रीचा आकडा कसा छापायचा. गडचिरोलीतली चकमक नाशिकच्या डेस्कवर येते ती नागपूरहून किंवा वृत्तसंस्थेकडून, आणि तिचा उगम बहुतेक वेळा एकच असतो : पोलिसांची माहिती. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधी सोडावी लागते. मूळ कॉपीत ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार’ असते. उपसंपादक मथळा बसवताना नेमके तेच शब्द कापतो, कारण तीन कॉलमात ते मावत नाहीत. उरते ते ‘इतके नक्षलवादी ठार’. दावा होता, तो मथळ्यात निकाल होऊन बसतो.

२२ एप्रिल २०१८ला गडचिरोलीतल्या बोरिया-कसनासूरच्या चकमकीत हेच घडले. पहिल्या रात्रीचा आकडा १४ ते १६ होता. मग इंद्रावतीच्या पात्रात मृतदेह सापडत गेले आणि दुसऱ्या एका चकमकीतले सहा धरून एकूण आकडा ४०वर गेला. दरम्यान, आमची मुले लग्नाला गेली होती, असे गट्टेपल्ली गावातल्या कुटुंबांनी सांगितले. ती नुकतीच नक्षल्यांच्या दलात भरती झाली होती, असे पोलिसांचे म्हणणे. पहिली बातमी पहिल्या पानावर ठळक, ही दुसरी आतल्या पानात सिंगल कॉलम. वाद आहे तो याच निर्णयावर. खात्री होईपर्यंत आकडा मथळ्यात घेऊच नये, असे काहींचे मत. आकडा नसेल तर बातमी शिळी वाटते, हे दुसरे. मधला मार्ग अवघड नाही : मथळ्यात ‘पोलिसांचा दावा’ एवढे दोन शब्द, ओळख पटलेले आणि न पटलेले मृत वेगळे, आणि बदललेला आकडा त्याच पानावर, त्याच जागी. जागेचे कारण इथे पटत नाही.

मुंबईवरच्या २००८च्या हल्ल्यातल्या थेट चित्रणानंतर २०१५मध्ये वाहिन्यांवर बंधन आले : दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याचे अधूनमधूनचे निवेदन दाखवायचे. जवानांच्या हालचाली उघड होऊ नयेत, हे योग्यच. नियम छापील वर्तमानपत्राला नाही. पण डेस्कवरचा टीव्ही चालूच असतो, आणि त्या निवेदनातला आकडा तिथूनच पानावर उतरतो.

नक्षल्यांच्या पत्रकाचेही तसेच. ते शब्दशः छापले तर प्रचार, पूर्ण गाळले तर दुसरी बाजू गायब. पत्रकातला तपासता येणारा तपशील, म्हणजे नाव, गाव, तारीख, तेवढाच घ्यावा आणि पोलिसांना विचारून दोन्ही एकाच बातमीत द्यावे. धमकीची यादी असेल तर त्यातली नावे छापू नयेत. हे पडताळायचे काम गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागड तालुक्यांच्या मानधनावरच्या वार्ताहरावर पडते. दोन्ही बाजूंच्या संशयात तोच राहतो, म्हणून त्याचे नाव बातमीवर टाकायचे की नाही, हे आधी त्यालाच विचारावे.