शेतीची बातमी नेमकी कोणासाठी?

अमेरिकेतल्या मोठ्या कृषी प्रदर्शनांत आता ट्रॅक्टरच्या रांगांमधून फिरत मोबाइलवर थेट प्रक्षेपण करणारे शेतकरी, पॉडकास्टवाले आणि कंपन्यांच्या खर्चानं आलेले यूट्यूबर सर्रास दिसतात. यातला वार्ताहर कोण आणि प्रचारक कोण, हे ओळखणं अवघड. सोशल मीडियानं हा घोळ घातला असं म्हटलं जातं. खरं तर तो जवळपास रेडिओइतकाच जुना आहे.

डिसेंबर 1920 मध्ये अमेरिकी कृषी खात्यानं वॉशिंग्टनहून बिनतारी यंत्रणेनं बाजारभाव पाठवायला सुरुवात केली. ते मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये असत, त्यामुळे उतरवून घ्यायला ती लिपी येणारा कुणीतरी लागे. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून भाव बोलून सांगितले जाऊ लागले. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा बदल मोठा होता. माल घेणारा सांगेल तोच भाव, असं आता राहिलं नाही.

1924 मध्ये शिकागोत डब्ल्यूएलएस केंद्र सुरू झालं ते सीअर्स रोबकच्या पैशानं. कॅटलॉग पाठवून खेडोपाडी माल विकणं हा या कंपनीचा धंदा. 1928 मध्ये हे केंद्र ‘प्रेअरी फार्मर’ या शेतीविषयक नियतकालिकानं विकत घेतलं आणि 1953 मध्ये याच जोडीनं इलिनॉयमध्ये पहिला ‘फार्म प्रोग्रेस शो’ भरवला. म्हणजे प्रदर्शन भरवणारा आणि त्याची बातमी देणारा एकच. शिवाय प्रदर्शनात यंत्रं मांडणाऱ्या कंपन्याच त्याच्या जाहिरातदार. याला कुणी लबाडी म्हटलं नाही. ऐकणारा शेतकरीच होता, आणि नांगर कसा चालतो हे त्याला निवेदकापेक्षा जास्त कळत होतं.

पुढे हा श्रोताच कमी होत गेला. 1920 साली अमेरिकेची जवळपास 30 टक्के लोकसंख्या शेतांवर राहत होती. शतक संपताना हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली गेलं. उरलेल्यांना गोठा, कुक्कुटपालनाची शेड किंवा कत्तलखाना आतून कसा असतो याची कल्पना नव्हती. 2008 मध्ये ती मिळाली, पण शेतकऱ्यांकडून नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेनं कॅलिफोर्नियातल्या कत्तलखान्यात छुपं चित्रण केलं. उभंही राहता न येणाऱ्या गाईंना तिथं कसं वागवतात हे लोकांनी पाहिलं आणि 14.3 कोटी पौंड गोमांस बाजारातून परत बोलवावं लागलं. त्याच नोव्हेंबरात कोंबड्या-डुकरांच्या अरुंद पिंजऱ्यांविरुद्धचा प्रस्ताव त्या राज्यातल्या मतदारांनी मोठ्या बहुमतानं मंजूर केला.

माझ्या मते खरं वळण इथं आहे. तोवर शेतीमाध्यमं शेतकऱ्याशी बोलत होती. इथून पुढे त्यांतला मोठा भाग शेतकऱ्याच्या वतीनं ग्राहकाशी बोलू लागला. 2009 मध्ये नव्या तापाला ‘स्वाइन फ्लू’ म्हटलं गेलं आणि डुकराच्या मांसाचे भाव कोसळले. मांस खाऊन हा ताप होत नाही, हे लोकांना सांगत बसावं लागलं. त्याच वर्षी ट्विटरवर ‘अ‍ॅगचॅट’ नावानं शेतकऱ्यांच्या ठरावीक वेळेच्या गप्पा सुरू झाल्या आणि 2010 मध्ये त्याच नावाची संस्था उभी राहिली. काही जणांनी हे काम मजेत केलं. कॅन्ससमधल्या तीन शेतकरी भावांचं 2012 मधलं विडंबनगीत लाखो लोकांनी पाहिलं, आणि त्यात उपदेश जवळपास नव्हताच.

पैशाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. 1985 च्या कायद्यानं प्रत्येक विकलेल्या गाई-बैलामागे एक डॉलर कापला जातो आणि तो गोमांसाच्या प्रचारावर व संशोधनावर खर्च होतो. सरकारी धोरणावर प्रभाव टाकण्यासाठी तो वापरायला मनाई आहे. त्यामुळे हा पैसा ग्राहकाचं मन वळवण्याकडेच जातो, हे ओघानंच आलं. बियाणं आणि औषधांच्या कंपन्यांवर असं बंधन नाही. वस्तू किंवा मानधन घेऊन इंटरनेटवर शिफारस करणाऱ्यानं ते उघड सांगितलं पाहिजे, हे तिथल्या व्यापार आयोगानं 2009 च्या अखेरीस स्पष्ट केलं. हा नियम सगळ्याच क्षेत्रांना लागू आहे. शेतीत तो कितपत पाळला जातो, हे ज्यानं-त्यानं व्हिडिओखालच्या बारीक अक्षरांत शोधावं.

मार्च 2012 मध्ये एबीसी वाहिनीनं यंत्रानं चरबी वेगळी करून मिळवलेल्या गोमांसावर टीकेच्या सुराची बातम्यांची मालिका केली आणि त्याची मागणी घटली. ते बनवणाऱ्या कंपनीनं चारपैकी तीन कारखाने बंद केले आणि वाहिनीवर खटला भरला. 2017 मध्ये तडजोड झाली. वाहिनीची मालक डिस्ने हिच्या हिशेबात त्यापोटी 17.7 कोटी डॉलर दिसले. ती मालिका सुरू झाली त्याच महिन्यात आयोवा राज्यानं वेगळीच वाट धरली होती: खोटं सांगून शेतावर किंवा गोठ्यात प्रवेश मिळवणं तिथं गुन्हा ठरलं, म्हणजे छुप्या चित्रणाची वाटच बंद. तो कायदा फेडरल न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये घटनाबाह्य ठरवला. दोनच महिन्यांत आयोवानं शब्द बदलून दुसरा केला.